मोहफुलांच्या मुलखांत

मार्कंड्याचीं देवळें एकदां डोळ्यांनीं पाहावीं, अशी इच्छा माझ्या मनांत कित्येक वर्षें होती. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा चामोर्शीजवळ एकाएकीं वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर मार्कंडेश्वराचें प्राचीन देवालय उभें आहे, इतकें पुस्तकांतून वाचलें होतें. उत्तरवाहिनी नदीचें माहात्म्य वाचकांस सांगावयास नकोच. माझा एक जुना विद्यार्थी त्या बाजूस शिक्षक आहे. त्याचें दरवर्षीं पत्र येई, 'गुरुजी, महाशिवरात्रीच्या जत्रेस या.' सेवानिवृत्तीनंतरहि तें जाणें कांहीं ना कांहीं निमित्तानें राहून जाई. अखेर सन २०१९ च्या महाशिवरात्रीस योग आला. देवदर्शनास गेलों आणि दुसरेंच कांहीं पाहून परत आलों. तें लिहिण्यास इतकीं वर्षें कां लागलीं, हें पुढें कळून येईल.

नागपुराहून एस. टी. नें उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा मार्ग आहे. ब्रह्मपुरी मागें पडल्यावर वैनगंगेचा विस्तीर्ण पूल लागतो. पलीकडे आरमोरी, आणि तेथून गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा निराळा झाला. विस्तार साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. त्यांत सुमारें तीन-चतुर्थांश अरण्य. आणि एवढ्या मुलखांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें वस्ती अवघी पावणेअकरा लाखांची. मी गेलों तेव्हां आगगाडी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास वडशापर्यंत काय ती येई. पुढें सारा भरंवसा एस. टी. वर आणि स्वतःच्या पायांवर. फाल्गुन अद्याप लागावयाचा होता, तरी पळस पेटला होता. सह्याद्रीच्या पायथ्याशीं जन्म गेलेल्या मला हें सपाट, मोकळें, सागाचें आणि बांबूचें अरण्य प्रथम परकें वाटलें; दोन दिवसांत तें इतकें आवडूं लागलें कीं वाईच्या घाटाची आठवण होईना.

पहिल्याच पहांटे विद्यार्थ्यानें मला उठवून गांवाबाहेर नेलें. मोहाचा हंगाम नुकता लागत होता. सर्वच झाडें अजून बहरलीं नव्हतीं. हीं फुलें रात्रीच्या उत्तरार्धांत गळूं लागतात व सूर्य वर येईपर्यंत गळत राहतात. फिकट पिवळीं, मांसल, लहानशा गोटीएवढीं. झाडाखालचा पाचोळा आधींच झाडून ठेवलेला असतो आणि बायका-मुलें टोपल्या घेऊन वेंचीत बसतात. मीं एक फूल तोंडांत टाकून पाहिलें. गोड, पण त्या गोडीमागें एक उग्र वास. संस्कृतांतला 'मधूक' तो हाच. कालिदासानें कुमारसंभवांत पार्वतीच्या विवाहप्रसाधनासाठीं याच फुलांची माळ योजिली आहे. चाळीस वर्षें तो सर्ग मीं मुलांस शिकविला. पण मधूक कसा असतो असें एकाहि मुलानें विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर मला सांगतां आलें नसतें! येथील लोक हीं फुलें वाळवून खातात, गुरांस घालतात. बियांचें तेल काढतात. दुष्काळांत या झाडानें माणसें जगविलीं आहेत. आणि याच वाळल्या फुलांचा पाण्यांत सडवा घालून, मडक्यांतून वाफ काढून, दारू गाळतात. गोंड-माडियांच्या देवकार्यांत तिला मान आहे. म्हणून मोहाच्या झाडास नांवें ठेवणें हें द्राक्षाच्या वेलीस नांवें ठेवण्यासारखेंच होईल. पूर्वी सणासुदीस गाळली जाणारी वस्तु रोजच्या विक्रीस आली, मोहाबरोबर गुळाचाहि सडवा पडूं लागला, आणि तेथून घात झाला, असें त्या बाजूचीं वृद्ध माणसें सांगतात.

मार्कंड्याविषयीं थोडें सांगतों. देवळांची बांधणी सामान्यतः नवव्या ते बाराव्या शतकांतली मानितात. भिंतींवर इतक्या मूर्ति आहेत कीं मोकळा दगड शोधावा लागतो. जत्रेची गर्दी विलक्षण; नदीच्या वाळूंत गाड्यांचे तळ, चुलींचा धूर, 'हर हर महादेव'चा गजर. सोळाव्या वर्षीं मरण लिहिलेला मार्कंडेय पिंडीस मिठी मारून बसला आणि यमाचा पाश परत गेला, ती कथा येथें घडली असें लोक मानतात. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, उद्यां आमच्या शाळेच्या पडवींत शिबिर आहे. दारू सोडूं पाहणाऱ्यांचें. मला तेथें थांबावें लागेल. आपण घरीं विश्रांति घ्या." मीं म्हटलें, "मीहि येतों." कां म्हटलें, तें त्या क्षणीं मलाहि नीट उमगलें नव्हतें.

यामागची हकीकत अशी. या जिल्ह्यांत मोठी लोकचळवळ होऊन १९९३ सालीं शासनानें दारूबंदी जारी केली. दुकानें बंद झालीं; चोरटी विक्री मात्र सर्वस्वीं थांबली नाहीं. आमच्या इकडचे शहाणे लोक एवढ्यावरून बंदी फुकट गेली म्हणून मोकळे होतात. मला तें पटत नाहीं. चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द करीत नाहीं. परंतु कायद्यानें दुकान बंद होतें, माणसाची तल्लफ बंद होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचें नांव वाचकांस अपरिचित नसेल. धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगांवाजवळ त्यांचें शोधग्राम आहे. खेड्यांतल्या बायांना शिकवून नवजात अर्भकांचे प्राण घरच्या घरीं वाचवितां येतात, हें त्यांनीं याच जिल्ह्यांत दाखवून दिलें. सन २०१६ मध्यें महाराष्ट्र शासन, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांनीं मिळून बाराहि तालुक्यांसाठीं 'मुक्तिपथ' नांवाचा उपक्रम सुरू केला. दारू आणि तंबाखू हीं दोन्ही त्याचीं लक्ष्यें. गांवाची संघटना करावयाची, गांवांतली विक्री गांवानेंच बंद पाडावयाची, आणि जे व्यसनांत रुतले आहेत त्यांना तेथल्या तेथें उपचार द्यावयाचा, अशी त्याची रीत मीं पाहिली.

तेथल्या तेथें, हाच त्यांतला मुख्य मुद्दा. आपल्या पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं 'मुक्तांगण' काढलें. तेथें रोगी कांहीं आठवडे राहून बरा होऊन जातो. त्या कार्याविषयीं मला नितांत आदर आहे. परंतु ज्याचें पोट धानाच्या बांधावर, मोहाच्या टोपलीवर आणि वैशाखांतल्या तेंदूपानांच्या मजुरीवर आहे, त्यानें महिनाभर घर सोडावें कसें? तो महिना बुडाला तर वर्ष बुडतें. म्हणून औषधानेंच त्याच्या गांवीं जावें, किंवा तालुक्याच्या गांवीं नेमल्या वारीं वैद्य बसावा व रोग्यानें सकाळच्या गाडीनें येऊन दुपारच्या गाडीनें परत जावें, अशी ही योजना.

शिबिराला पंधरा-सोळा माणसें आलीं होतीं. सर्वांनीं आपलीं नांवें आपण होऊन दिलेलीं. कोणी पंचविशीचा, कोणी माझ्या वयाचा. पडवीच्या दुसऱ्या अंगास गांवाच्या समितींतल्या बाया बसल्या होत्या. त्यांतल्या कित्येक याच पुरुषांच्या बायका, आया, बहिणी. माझी कल्पना अशी होती कीं उपदेश होईल, शपथा होतील, देवाचें नांव घेतलें जाईल. त्यांतलें कांहींच झालें नाहीं. एक तरुण कार्यकर्ती प्रत्येकास जवळ बोलावी व हळू आवाजांत विचारी: किती वर्षें पितां? सकाळीं उठल्यावर हात थरथरतात का? न पितां दोन दिवस राहिलां आहां का? तेव्हां काय झालें? झटके आले होते का? नसलेलीं माणसें दिसलीं का, आवाज ऐकूं आले का?

मी भिंतीशीं खुर्चीवर बसून ऐकत होतों. 'झटके आले होते का' हा प्रश्न तिनें तिसऱ्यांदा विचारला, तेव्हां माझ्यानें बसवेना. मी उठून विहिरीकडे गेलों.

माझा धाकटा भाऊ १९९४ सालीं वारला. वय पस्तीस. लोकांना आम्हीं हृदयविकार म्हणून सांगितलें; आजवर सांगत आलों. तो पीत असे, हें वाड्याच्या चौकटीबाहेर जाऊं नये यासाठीं आमच्या एकत्र कुटुंबानें जेवढी खटपट केली, तिच्या दशांशानेंहि त्याच्या औषधाची केली नाहीं. शेवटीं वडिलांनीं ठरविलें कीं त्याला माडीवरच्या खोलींत कोंडावें. आठ दिवसांत नशा उतरेल. दारू सोडल्यानें कोणी मरत नसतो. कुलूप मीं लावलें. किल्ली माझ्या जानव्यास होती. पहिल्या दिवशीं त्याला घाम आणि कंप सुटला. दुसऱ्या रात्रीं झटका आला; आम्हांस तें ढोंग वाटलें. तिसऱ्या दिवशीं तो पांघरुणावरच्या मुंग्या वेंचूं लागला; मुंगी एकहि नव्हती. आईस ओळखेना. आईनें दृष्ट काढली. चौथ्या दिवशीं सकाळीं मीं दार उघडलें तेव्हां सर्व संपलें होतें.

मी परत आलों तेव्हां डॉक्टर दोघांस बाजूस घेऊन बसले होते. त्यांतल्या एकास मागें दारू तुटली असतां झटके आले होते. दुसऱ्यास भास झाले होते. 'तुम्हांला घरीं औषध देतां येणार नाहीं, रुग्णालयांत राहावें लागेल,' असें त्यांना सांगण्यांत आलें. मधल्या वेळीं मीं डॉक्टरांस गांठलें आणि कारण विचारलें. त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. मद्य हें मेंदूस मंद करतें. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणावर मात करण्यासाठीं स्वतःस सतत ताणून धरूं लागतो. मद्य एकाएकीं काढून घेतलें कीं तो ताण मात्र उरतो, आणि मेंदू बेफाम होतो. कांहीं तासांतच कंप व घाम. पहिल्या दोन दिवसांत झटक्यांचा धोका. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत भ्रम, ताप, आणि उपचार न झाल्यास प्रसंगीं मृत्यु. यावर शामक औषध भरपूर मात्रेनें सुरू करून दिवसागणिक उतरवीत नेतात, आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. कारण पिणाऱ्याच्या शरीरांत तें उरलेलें नसतें आणि त्याच्या अभावानें स्मृति कायमची जाऊं शकते. बहुतेकांस हें घरीं राहून घेतां येतें. कोणास येणार नाहीं, तें आधीं ओळखणें हीच खरी विद्या. झटके, भास, कावीळ, इतर मोठा आजार, घरीं लक्ष ठेवणारें कोणी नसणें: यांना ते 'धोक्याचे घटक' म्हणतात.

मी ज्या चरकसंहितेचे उतारे मुलांकडून पाठ करवून घेत असें, तिच्या सूत्रस्थानांत स्पष्ट सांगितलें आहे कीं अंगवळणीं पडलेली अहितकर वस्तुसुद्धां एकदम तोडूं नये, पादापादानें सोडावी. चिकित्सास्थानांत मदात्ययावर संबंध अध्याय आहे. मद्यानें झालेला विकार योग्य मात्रेच्या मद्यानेंच शमवावा, असें त्यांत म्हटलें आहे. आणि मद्य सोडून पुन्हां एकाएकीं अतिपान करणाऱ्यास जे दोन विकार होतात त्यांस ध्वंसक व विक्षय अशीं नांवेंहि दिलीं आहेत. आजच्या औषधाशीं त्याचा तंतोतंत मेळ घालण्याचा मोह मीं आवरतों. तो खटाटोप आमच्या पिढींत फार झाला आहे. मला लागतें तें एवढेंच कीं, हें वाक्य मला तोंडपाठ होतें आणि किल्ली माझ्या जानव्यास होती.

रुग्णालयांत जाण्यास सांगितलेल्या दोघांपैकीं एक जण हटून बसला. "शेळ्या कोण पाहील जी?" एवढेंच तो म्हणे. डॉक्टर गप्प, कार्यकर्ती गप्प. तेव्हां पलीकडून समितींतली एक वृद्ध बाई उठली. "शेळ्या माझ्या पोराकडे. तुझ्या बायकोसंगं मी जाईन दवाखान्यात. ऊठ आता." सगळें गांव हंसलें, आणि तोहि ओशाळून हंसला. दोन मिनिटांत निकाल लागला. आमच्या वाड्यांत त्या वेळीं अठरा माणसें होतीं. त्यांतलें एकहि असें उठलें नाहीं, कारण उठणें म्हणजे कबूल करणें.

बाकीच्यांना पुड्या देण्यांत आल्या. रोज कोण औषध देणार, तें घरच्या माणसास समोर बसवून समजाविलें. झोंप लागेल, विळा-कोयती हातीं घेऊं नका, पाणी व जेवण चुकवूं नका; आणि औषधावर दारू घेतलीत तर जिवावर बेतेल, असें दोनदां बजावलें. मग तल्लफ केव्हां येते यावर बोलणें निघालें. एक म्हणाला, बाजाराच्या दिवशीं. दुसरा म्हणाला, मजुरीचे पैसे हातांत पडले कीं. तिसरा बराच वेळ खालीं मान घालून होता, शेवटीं म्हणाला, "घरात भांडण झालं का." त्याच्या बायकोनें पदर तोंडाला लावला, हंसली कीं रडली, मला दिसलें नाहीं.

गेल्या वर्षीं दारू सोडलेला एक जण मुद्दाम येऊन बसला होता. त्यानें भाषण असें केलेंच नाहीं. "पेलो का लेकरू दाराआड जाये. आता पाठीवर बसते जी," इतकेंच बोलला, आणि चहाचे पेले भरूं लागला. तो मधें दोनदां घसरला होता, हेंहि विद्यार्थ्यानें मागाहून सांगितलें. घसरण ही या रोगांत अपवाद नसून नित्याची बाब आहे. घसरलेल्यास पुन्हां बोलावणारें माणूस जवळपास आहे कीं नाहीं, यावर पुष्कळ अवलंबून. गांवांतला उपचार येथें वरचढ ठरतो. कार्यकर्ती त्याच रस्त्यानें जाते, समितीची बाई शेजारीच राहते. उलट गांवांत एक जरी घर दारू विकत राहिलें, तरी तोच उपचार फसतो. कारण तें घरहि शेजारीच असतें.

या गंभीर दिवसांत माझी एक फजीती झाली, तीहि सांगून टाकतों. या मुलखांत 'खर्रा' नांवाचा प्रकार घरोघर चालतो: सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला. लहान मुलेंहि खातात. माझा विद्यार्थी स्वतः खर्रा खातो, हें मला त्याच्या दांतांवरून कळलें होतें, आणि जेवणाच्या सुट्टींत मीं त्यास गुरूच्या अधिकारानें चांगलें फैलावर घेतलें. बोलतां बोलतां सवयीनें डबी काढली व चिमूट नाकाशीं नेली. कार्यकर्ती नम्रपणें म्हणाली, "आजोबा, तपकीर म्हणजे तंबाखूच ना?" विद्यार्थी दुसरीकडे पाहूं लागला. मीं चिमूट टाकून दिली. डबी मात्र टाकली नाहीं. ती सुटण्यास पुढें सात महिने लागले, आणि पादापादानेंच सुटली.

दुसऱ्या दिवशीं परतीच्या वाटेंत तालुक्याच्या गांवचें क्लिनिक पाहिलें. एक खोली, एक टेबल, बाकावर आठ-दहा माणसें, बहुतेकांजवळ बाजाराच्या पिशव्या. त्यांत वेडाचार नाहीं, कोंडवाडा नाहीं. खोकल्याच्या औषधास यावें तशीं माणसें आलीं होतीं. हा प्रयोग केवळ येथेंच आहे असें नव्हे. गोव्यांत 'संगाथ' या संस्थेनें दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर असें पाहिलें कीं, डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या सामान्य माणसांनीं एक ते चार वेळां बसून समुपदेशन केलें, तर तीन महिन्यांनीं शेकडा ३६ जणांचें घातक पिणें आटोक्यांत आलें. नेहमींच्याच उपचारांत तें प्रमाण शेकडा २६ होतें. हा वृत्तांत २०१७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला. फरक दहांचा, कोणास तो थोडा वाटेल. शंभर घरांतलीं दहा घरें म्हणजे काय, हें ज्याच्या घरांत घडलें आहे त्यास विचारावें. मात्र तीं माणसें व्यसनाच्या अगदीं तळाशीं गेलेलीं नव्हतीं. माझ्या भावासारख्यास समुपदेशन पुरलें नसतें, औषधच लागलें असतें.

परत वाईस आल्यावर देवाचा अंगारा घरांत सर्वांस दिला. धाकटी भावजय आमच्यापाशींच असते. पंचवीस वर्षें तिनें नवऱ्याच्या मरणाविषयीं एक अक्षर विचारलें नव्हतें. त्या चार दिवसांत तिला माहेरीं धाडलें होतें. मार्कंड्याचें वर्णन करून झालें. शिबिराचें करावें कीं नाहीं, यांत चार वर्षें गेलीं. दोन वर्षांपूर्वीं, त्याच्या श्राद्धाचे ब्राह्मण जेवून गेल्यावर, मागच्या सोप्यांत मीं तिला सर्व सांगितलें. शेळ्यांची गोष्ट, धोक्याचे घटक, मुंग्या, किल्ली. ती निवडावयास घेतलेल्या तांदळांत बोटें तशींच ठेवून ऐकत होती. बऱ्याच वेळानें तिनें विचारलें, "दादा, तें औषध तेव्हां होतें का?"

मीं म्हटलें, "होतें."

तिनें सूप उचललें आणि ती आंत गेली. त्या संध्याकाळीं दिवेलागणीस तिनें मला नेहमींप्रमाणें हांक मारली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मारली.